उत्तर समोर, तरी उमेदवार नापास

स्पर्धा परीक्षांच्या साऱ्या प्रश्नपत्रिकांत एकच भाग असा आहे, की ज्याचे उत्तर परीक्षक स्वतःच उमेदवाराच्या हाती छापून देतो. इतिहासाच्या प्रश्नाला सनावळी मुखोद्गत असावी लागते, भूगोलाच्या प्रश्नाला नदीचा उगम ठाऊक असावा लागतो. उताऱ्यावरील प्रश्नांना असे पाठांतर लागत नाही. उतारा समोर, त्याखाली प्रश्न, आणि चार पर्यायांपैकी एक उताऱ्यानेच मान्य केलेला. असे असूनही पदवीधर, अभ्यासू, चार-चार वर्षे अभ्यासिकेच्या बाकावर बसलेले तरुण नेमके या भागात घसरतात आणि घसरल्यावर बुचकळ्यात पडतात. ज्या विषयाचा अभ्यासच करावयाचा नव्हता, त्यात आपण नापास कसे झालो, हे त्यांना उमगत नाही.

या प्रश्नाला आज मोठे व्यावहारिक महत्त्व आले आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ पासून नागरी सेवा पूर्वपरीक्षेत वैकल्पिक विषयाच्या जागी कल चाचणीची दुसरी प्रश्नपत्रिका आणली. तिलाच उमेदवार ‘सीसॅट’ म्हणतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ पासून राज्यसेवा पूर्वपरीक्षेत तोच मार्ग धरला. दोन तासांत ८० प्रश्न, एकूण गुण २००. आणि राज्यसेवेच्या बहुतेक प्रश्नपत्रिकांत या ८० पैकी सुमारे ५० प्रश्न उताऱ्यांवरचे. म्हणजे प्रश्नपत्रिकेचा निम्म्याहून अधिक भाग निव्वळ वाचनाचा. खालच्या पदांच्या परीक्षांतही भाषेचे वजन कमी नाही. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. त्या परीक्षेत मराठी आणि इंग्रजी या दोन भाषांना मिळून निम्मे गुण होते. पुण्याच्या सदाशिव पेठेत भाड्याची कॉट घेऊन राहणाऱ्या आणि मेसच्या डब्यावर दिवस काढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे नुसते आकडे नव्हेत. घरच्या एक-दोन एकरांच्या उत्पन्नातून त्याला दरमहा पैसे येत असतात, आणि ते किती वर्षे यावयाचे याचा हिशेब गावी कोणीतरी मांडीत असते.

या प्रश्नपत्रिकेविरुद्ध ओरड झाली, ती अगदीच निराधार नव्हती. २०१४ मध्ये दिल्लीत हिंदी व अन्य भारतीय भाषांतील उमेदवार रस्त्यावर उतरले. इंग्रजी माध्यमातील आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा झुकते माप देते, अशी त्यांची तक्रार होती. भाषांतराच्या नमुन्यांवरून तर वृत्तपत्रांत बरीच थट्टाही झाली. सरकारने त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेत न धरण्याचे ठरविले, आणि २०१५ पासून सारी दुसरी प्रश्नपत्रिका केवळ अर्हताकारी केली. तीत ३३ टक्के मिळवा, म्हणजे पुरे. राज्याच्या आयोगाने हाच निर्णय २०२२ मध्ये घेतला.

उमेदवारांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि खरा घोटाळा तेथेच झाला. ‘फक्त पास व्हायचे आहे’ हे वाक्य ऐकावयास गोड आहे. पण त्याचा हिशेब कोणी मांडून पाहत नाही. २०० पैकी ६६ गुण म्हणजे एकही चूक न करता २७ उत्तरे बरोबर. परंतु एकही चूक न करणारा उमेदवार परीक्षेस बसत नाही. समजा, एखाद्याने ४२ प्रश्न सोडविले, त्यांपैकी ३० बरोबर आले आणि १२ चुकले. प्रत्येकी अडीच गुणांप्रमाणे त्याला ७५ मिळाले. केंद्राच्या परीक्षेत चुकीच्या उत्तरामागे एकतृतीयांश गुण वजा होतात, म्हणजे १२ चुकांचे १० गुण गेले. उरले ६५. एका गुणाने त्याची सामान्य अध्ययनाची सारी तयारी, दोन-दोन वर्षांची टिपणे, नकाशे, चालू घडामोडींच्या वह्या, सर्व बाद! केंद्राच्या पूर्वपरीक्षेत खुल्या गटाची गुणमर्यादा २०२२ मध्ये ८८.२२ होती, ती २०२३ मध्ये ७५.४१ पर्यंत खाली आली. त्या वर्षीच्या अवघड सीसॅटने पुष्कळांना आधीच बाहेर काढले, हे या घसरणीचे एक कारण म्हणून सांगितले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. जी प्रश्नपत्रिका गुणवत्तेत धरली जात नाही, तीच अशा रीतीने कोणाची गुणवत्ता मोजावयाची हे ठरविते.

तेव्हा तयारी करावयाची, हे ओघानेच आले. ती कशी करावयाची, याविषयी बाजारात जो उपदेश चालतो तो मात्र तपासून घेण्यासारखा आहे. शिकवणीवर्गांत सांगितले जाते, की आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात त्यातला शब्द शोधा, तो सापडला की आसपासचे वाक्य पाहा आणि त्याच्याशी जुळणारा पर्याय निवडा. दहा वर्षांपूर्वीच्या सोप्या प्रश्नांना ही युक्ती लागू पडत असे. आज प्रश्न काढणाराही ती युक्ती जाणतो, आणि उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचलून तो चुकीच्या पर्यायात पेरतो. शब्द शोधणारा उमेदवार त्या सापळ्यात अलगद सापडतो. अर्थ शोधणारा वाचतो.

एक छोटा उतारा येथे मुद्दाम रचून देतो. ‘विहिरीची खोली वाढविली म्हणजे पाणी वाढते, हा समज अनुभवाने दृढ झालेला असला, तरी तो अपुरा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकांच्या भेगांत. तो थर ओलांडून आणखी खोल गेल्याने एखाद्या शेतकऱ्यास काही काळ अधिक पाणी मिळू शकते. परंतु ते बहुधा शेजारच्या विहिरीचेच असते.’ आता प्रश्न असा, की उताऱ्याचे मुख्य प्रतिपादन कोणते? पहिला पर्याय: भूजलाच्या अतिरेकी उपशावर कायद्याने नियंत्रण आणणे आवश्यक आहे. दुसरा: विहिरीची खोली वाढविल्याने पाणी कधीच वाढत नाही. तिसरा: खोल विहिरी खणणारे शेतकरी शेजाऱ्यांचे पाणी जाणूनबुजून पळवितात. चौथा: विहिरीची खोली आणि मिळणारे पाणी यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

वाचकांनी हा प्रश्न एखाद्या हुशार विद्यार्थ्यास घालून पाहावा. ज्याचा अभ्यास अधिक, तो पहिल्या पर्यायाकडे ओढला जाण्याचा संभव अधिक. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम त्याने वाचलेला असतो, उपशाचे दुष्परिणाम त्याला पाठ असतात, आणि पहिला पर्याय त्याला ओळखीच्या माणसासारखा भेटतो. तो पर्याय जगात खरा असेलही. उताऱ्यात मात्र कायद्याचे नावही नाही. दुसऱ्या पर्यायात ‘कधीच’ हा शब्द घुसला आहे. उतारा समजाला ‘अपुरा’ म्हणतो, खोटा म्हणत नाही, आणि काही काळ पाणी मिळू शकते हेही कबूल करतो. तिसऱ्या पर्यायात ‘जाणूनबुजून’ हा शब्द लेखकाच्या तोंडी घातला आहे. पाणी शेजारच्या विहिरीचे असते एवढेच त्याने म्हटले, हेतूविषयी तो गप्प आहे. उरला चौथा. तो बेचव आहे, सावध आहे, त्यात कोणाला दोष नाही आणि कसला आवेशही नाही. उताऱ्याशी इमान राखणारे उत्तर पुष्कळदा असेच फिके दिसते. आमच्या मुलांना ठसकेबाज वाक्याला टाळी देण्याची सवय लागली आहे. वक्तृत्वस्पर्धांचा हा परिणाम असावा, अशी मला शंका आहे.

याच उताऱ्यावर दुसरा एक प्रश्न येऊ शकतो, तो गृहीतकाचा. केंद्राच्या परीक्षेत अलीकडे असे प्रश्न पुष्कळ असतात आणि त्यांत उमेदवार सर्वाधिक गोंधळतो. गृहीतक म्हणजे लेखकाने न सांगितलेली, परंतु जिच्यावाचून त्याचा युक्तिवाद कोसळतो अशी गोष्ट. ती ओळखण्याची कसोटी सोपी आहे: पर्याय उलटा करून पाहावा. शेजारशेजारच्या विहिरी एकाच भूजलसाठ्याशी जोडलेल्या असतात, हे येथील गृहीतक. त्या जोडलेल्या नसतात असे क्षणभर माना. मग शेजाऱ्याचे पाणी इकडे येण्याचा मार्गच उरत नाही आणि शेवटचे वाक्य निराधार होते. ‘शेतकऱ्यांना भूगर्भशास्त्राचे ज्ञान नसते’ हा पर्याय उलटा करून पाहिला, तर उताऱ्याचे काहीच बिघडत नाही. म्हणून ते गृहीतक नव्हे. ही कसोटी एकदा हाती आली म्हणजे चुटकीसरशी उत्तर येते असे नाही, पण निदान अंधारातील चाचपडणे थांबते.

वस्तुतः ग्रंथाचे तात्पर्य कसे काढावे, हे शास्त्र आपल्याकडे परके नाही. मीमांसकांनी त्यासाठी सहा खुणा सांगून ठेवल्या. ग्रंथाचा आरंभ व शेवट, त्यात पुनःपुन्हा काय येते, नवे काय सांगितले आहे, त्याचे फल कोणते, निव्वळ स्तुतीचा वा प्रसंगाने आलेला भाग कोणता, आणि सिद्धांताच्या बाजूने युक्ती कोणती दिली आहे, हे पाहावे असे त्यांचे म्हणणे. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य ठरविताना आरंभीच ही कसोटी पुढे ठेवली. तीनशे शब्दांच्या उताऱ्याला मीमांसा लावावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि पहिले व शेवटचे वाक्य जोडून पाहणे, पुन्हा पुन्हा येणारी कल्पना टिपणे, आणि उदाहरणाला सिद्धांत न समजणे, या तीन गोष्टी जरी परीक्षार्थीने उचलल्या, तरी ‘शीर्षक द्या’ आणि ‘मध्यवर्ती कल्पना सांगा’ या प्रश्नांचे निम्मे ओझे उतरते. उदाहरणालाच सिद्धांत समजण्याची चूक फार सार्वत्रिक आहे. उताऱ्यात रेशीमकिड्याचा दाखला आला, की मुले शीर्षकात रेशीम शोधू लागतात.

मग ही उणीव येते कोठून? दोष सारा विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शाळेत ‘उतारा वाचा व उत्तरे लिहा’ हा प्रश्न पिढ्यानपिढ्या होता. पण तो सोडविण्याची रीत अशी, की प्रश्नातला शब्द उताऱ्यात गाठावा आणि त्या वाक्याची नक्कल उतरवावी. तेवढ्यावर पूर्ण गुण मिळत. लेखकाचे म्हणणे काय आणि ते तुला पटते काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची जाणीव कोणी करून दिली नाही. महाविद्यालयात मूळ पुस्तकाची जागा मार्गदर्शकाने घेतली. मार्गदर्शकात परिच्छेद नसतात, मुद्दे असतात. आणि मुद्द्यांवर पोसलेल्या डोळ्यांना सलग गद्याचा कंटाळा येतो. स्पर्धा परीक्षेच्या साहित्याने तोच आजार वाढविला. चौकटी, तक्ते, एका ओळीत एक माहिती. असे वाचन तीन वर्षे केल्यावर मुलाला अचानक चार-पाचशे शब्दांचा उतारा दिला, तर तिसऱ्या वाक्यावर पहिले वाक्य निसटून जाते. त्याला मराठी येत नाही असे नव्हे. एक विचार दहा ओळी हाती धरून ठेवण्याचा सराव तुटलेला असतो.

येथे आयोगाकडेही एक बोट दाखविणे भाग आहे. राज्यसेवेतील बहुतेक उतारे मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत दिलेले असतात आणि पुष्कळदा मराठी मजकूर इंग्रजीचा अनुवाद आहे हे लपत नाही. ‘द्वारे’, ‘केले जाणे’, ‘च्या संदर्भात’ अशा शब्दांची रास, चार ओळींचे एक वाक्य, आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरलेला. असे मराठी वाचून अर्थ लागला नाही, तर ती परीक्षार्थीच्या आकलनाची कसोटी की अनुवादकाच्या, हा प्रश्न विचारावाच लागेल. मराठीत विचारप्रधान गद्याचा दुष्काळ नाही. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, आगरकरांचे निबंध, इरावती कर्वे यांचे ‘मराठी लोकांची संस्कृती’, नरहर कुरुंदकर यांचे लेखन, १९७६ पासून खंडशः निघालेला मराठी विश्वकोश, एवढी सामग्री असताना उतारे मुळातच मराठीतून का घेऊ नयेत? परंतु आयोग बदलेपर्यंत उमेदवाराने थांबावयाचे नसते. मराठी वाक्य अडले, की शेजारचे इंग्रजी वाक्य पाहावे. पुष्कळदा तेथे गाठ चटकन सुटते. सबंध उतारा दोनदा, दोन भाषांत वाचण्याइतका वेळ मात्र नसतो.

तयारी म्हणून मी सुचवीन ते फार साधे आहे, म्हणून कदाचित कोणाला रुचणार नाही. वर उल्लेखिलेली पुस्तके विकत घेतलीच पाहिजेत असे नाही. तालुक्याच्या ग्रंथालयात ती बहुधा धूळ खात असतात, आणि विश्वकोश तर आता संगणकावर विनामूल्य वाचता येतो. रोज अर्धा तास, न आवडणाऱ्या विषयावरील दोन पाने. न आवडणाऱ्या हा शब्द महत्त्वाचा, कारण परीक्षक उमेदवाराची आवड विचारून उतारा निवडीत नाही. कला शाखेच्या मुलाने पेशींविषयी वाचावे, अभियंत्याने सौंदर्यशास्त्राविषयी. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि लेखकाचे म्हणणे स्वतःच्या एका वाक्यात लिहावे. मग पुस्तक उघडून ते वाक्य ताडून पाहावे: त्यात आपण काही वाढविले का, ‘काही’चे ‘सर्व’ केले का, ‘असू शकेल’चे ‘आहे’ केले का? पहिले पंधरा दिवस ही वाक्ये लाज आणतील. महिन्याने सुधारणा दिसू लागते. याच्याच जोडीला ‘तथापि’, ‘किंबहुना’, ‘अन्यथा’, ‘वस्तुतः’, ‘एवढेच नव्हे तर’ या जोडशब्दांकडे लक्ष हवे. उताऱ्यातली वळणे तेथेच असतात, आणि घाईने वाचणारा नेमका वळणावर रस्ता सोडतो. माध्यमिक शाळेतील शिक्षकांना हे आठवड्याच्या एका तासिकेत करून घेता येईल. त्यासाठी त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातील एक स्फुट पुरते.

ही सारी यातायात केवळ परीक्षेपुरती आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या कचेरीत जाऊन पाहावे. विभागीय परीक्षांत काही विषयांच्या प्रश्नपत्रिका पुस्तकांसह सोडविता येतात. नियमावली समोर उघडी, नक्कल करण्यास पूर्ण मुभा, तरी त्यांतही अनुत्तीर्ण होणारे कर्मचारी असतात. कारण तेच: नियम पाठ नसला तरी चालते, पण तो वाचता आला पाहिजे. अधिनियमात ‘देईल’ आणि ‘देऊ शकेल’ यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मुखत्यारी. ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारे वाक्य आधीच्या साऱ्या नियमाला अपवाद करते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम माहिती देण्यास ३० दिवसांची मुदत देतो, हे प्रत्येक लिपिकास ठाऊक आहे. त्याच कलमाला जोडलेले परंतुक असे, की मागितलेली माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल, तर ती ४८ तासांत दिली पाहिजे. पहिल्या वाक्यावर पुस्तक मिटणारा लिपिक असा अर्ज निर्धास्तपणे तिसाव्या दिवसाच्या गठ्ठ्यात ठेवील. त्याच्या हातून नियमभंग झाला, हे त्याला कळणारही नाही. आणि पलीकडे कोणी कोठडीत असेल, कोणी रुग्णालयात. ज्या खुर्चीवरून अशी कागदपत्रे जावयाची, ती देण्यापूर्वी आयोगाने माणसाला दहा उतारे वाचावयास लावले, तर त्यात मला काही अन्याय दिसत नाही. अन्याय आहे तो शाळेने न शिकविलेली गोष्ट परीक्षेत विचारण्याचा, आणि त्याची दाद आयोगाकडे नव्हे, शिक्षण खात्याकडे मागितली पाहिजे.

परीक्षागृहातील वेळेविषयी थोडेसे. १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे प्रत्येकी दीड मिनिट. उताऱ्याचे वाचन त्यातच. दहाच्या दहा उतारे सोडविण्याचा हट्ट धरू नये. प्रथम सारे उतारे नुसते चाळावेत, ज्यांचे पहिले दोन-तीन वाक्यांत बोट धरता येते असे पाच-सहा निवडावेत, आणि ते शांतपणे वाचावेत. उतारा एकदा संथ वाचण्यास लागणारा वेळ हा घाईने तीनदा वाचण्याच्या वेळेपेक्षा कमीच असतो. दोन पर्यायांत अडकल्यास ज्याचा दावा लहान, तो आधी तपासावा. राज्याच्या परीक्षेत चुकीमागे एकचतुर्थांशच गुण जातात म्हणून ढिलाई करण्यात अर्थ नाही.

आणि सराव करावयाचा तो आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, उत्तरतालिकांसह. आयोग प्रथम एक तालिका प्रसिद्ध करतो, तीवर हरकती मागवितो आणि मग अंतिम तालिका काढतो. या दोन तालिकांत जेथे उत्तर बदलले असेल, तेवढेच प्रश्न निवडून तिघा-चौघांनी एकत्र बसावे, पहिले उत्तर का मागे घेतले असेल यावर तासभर वाद घालावा, आणि प्रत्येकाने आपल्या बाजूला उताऱ्यातील ओळ दाखवावी.